मोटारीतील मुनीम

पेढीवर नवा मुनीम ठेवावयाचा झाला म्हणजे आपण त्याची किती चौकशी करतो! गाव कोणते, पूर्वी कोणाकडे होता, तेथून का निघाला, हिशेबाला कसा, आणि विशेष म्हणजे तोंडाचा बंद की उघडा, हे सर्व पाहिल्यावाचून त्यास कोणी गादीजवळ बसवीत नाही. चार-सहा महिने किरकोळ वहीवर काढल्यानंतरच रोकडीची किल्ली त्याच्या हाती जाते. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी अनेकांच्या दारी एक असा मुनीम येऊन राहिला आहे, की ज्याची अशी कोणतीही चौकशी आपण केलेली नाही. आपल्या सर्व ग्राहकांची नावे त्यास ठाऊक आहेत. आपण कोणत्या दिवशी कोणाकडे गेलो, तेथे किती वेळ थांबलो, वाटेत कोणास फोन केला, हे तो लिहून ठेवतो. आपल्या नावे आलेला निरोप तो मोठ्याने वाचूनही दाखवितो. हा मुनीम म्हणजे आपल्या उंच, ऐसपैस मोटारीतील, ज्या मोटारीस आता सर्वजण एस. यू. व्ही. म्हणतात तिच्यातील, तो रंगीत पडदा आणि त्यास जोडलेला आपल्या खिशातील फोन.

हा मुनीम वाईट आहे असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. तो हुशार आहे, अंगमेहनती आहे, रात्री-अपरात्री हाक मारली तरी कुरकुर करीत नाही. मात्र त्यास काय सांगावे, केव्हा सांगावे आणि काय सांगू नये, हे मालकास कळले पाहिजे. ते आम्हांस कसे कळले, व कळण्यापूर्वी आमच्याकडून कोणत्या चुका झाल्या, हे व्यापारी बंधूंपुढे व त्यांच्या घरच्या मंडळींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचा मार्ग

आमचे दुकान निपाणीस असून गोव्यातील गिऱ्हाइकीसाठी एक लहानसे गोदाम पेडणे तालुक्यातील तुये येथे आहे. तुये हे शापोरा नदीच्या उत्तरेकडील गाव. येथे औद्योगिक वसाहत आहे, आणि केंद्र शासनाच्या योजनेखाली इलेक्ट्रॉनिक उत्पादनांच्या समूहासाठी गोवा शासनाने जागा ठरविली तीही याच गावी. ज्या गावी अशा वस्तू घडविण्याचा संकल्प झाला, तेथे जाता-येताना आपल्या मोटारीतील इलेक्ट्रॉनिक यंत्रे नीट समजून घ्यावीत, अशी बुद्धी आम्हांस झाली हे योग्यच म्हणावयाचे.

निपाणीहून संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा करीत आंबोलीचा घाट उतरावयाचा, सावंतवाडी व बांदा मागे टाकून पत्रादेवीपाशी गोव्यात शिरावयाचे, आणि पुढे महामार्ग सोडून आतील रस्त्याने तुये गाठावयाचे, असा हा प्रवास. महिन्यातून दोन वेळा तरी तो घडतो. पूर्वीच्या मोटारीत एक रेडिओ, एक घड्याळ व वेगाचा काटा एवढीच यंत्रसामग्री होती. नवी मोटार घरी आली तेव्हा विक्रेत्याने पाऊण तास पडद्यावरील एकेक चित्र दाबून दाखविले. आम्ही मान डोलावीत होतो. घरी पोहोचेपर्यंत त्यातील चार गोष्टीही लक्षात राहिल्या नव्हत्या, हे येथे कबूल केले पाहिजे.

तीन जोडण्या

फोन आणि मोटार यांचा संबंध तीन प्रकारांनी जुळतो. हे तीन प्रकार वेगळे ओळखता आले, की निम्मी अडचण संपली.

पहिला प्रकार ब्लूटूथचा. स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत १९९४ साली या कल्पनेवर काम सुरू झाले, आणि १९९८ साली पाच मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन तिची सामाईक पद्धत ठरविली. हा अगदी थोड्या अंतराचा रेडिओ होय. याच्या योगे फोनवरील आवाज मोटारीच्या कर्ण्यातून ऐकू येतो, व आपण बोललेले मोटारीतील ध्वनिग्राहक टिपून घेतो. मात्र पहिल्या जोडणीच्या वेळी मोटार एक प्रश्न विचारते, की आपल्या फोनमधील नावांची यादी व झालेल्या फोनांची नोंद उतरवून घेऊ काय? घाईत आपण 'होय' दाबतो. त्या एका स्पर्शाने आपली सारी ग्राहकवही मोटारीत उतरते.

दुसरा प्रकार अँड्रॉइड ऑटो व कारप्ले यांचा. या दोन्ही पद्धती २०१४ साली जाहीर झाल्या. यात विचार करण्याचे काम फोनच करतो; मोटारीचा पडदा हा केवळ आरसा असतो. नकाशा, गाणी, निरोप हे सर्व फोनमधून पडद्यावर येते, आणि आपण पडद्यास केलेला स्पर्श उलट फोनकडे जातो. म्हणूनच फोन जुना व मंद असेल, तर नव्या मोटारीचा पडदाही मंद वाटतो, आणि दोष मात्र बिचाऱ्या मोटारीस दिला जातो. तारेवाचून ही जोडणी करावयाची तर आधी ब्लूटूथने ओळख पटते, व मग चित्राचा भार वाय-फाय वाहते. त्यात फोनची बॅटरी झपाट्याने उतरते व फोन तापतो. कोकणातील एप्रिल-मेच्या उन्हात तो काचेखाली ठेवला, तर तापून आपोआप मिटतो. तारेने जोडावयाचे तर तारही पारखून घ्यावी. बाजारातील काही स्वस्त तारा केवळ विद्युत् भरतात, माहिती वाहून नेत नाहीत. आमची मोटार फोन ओळखत नाही म्हणून आम्ही ती दुरुस्तीस नेणार होतो. सूनबाईंनी फोनच्या पेटीतील मूळ तार आणून लावली, आणि दुरुस्ती तेथेच संपली.

तिसरा प्रकार म्हणजे मोटारीचे स्वतःचे सिम. भारतात २०१९ सालच्या मे व जून महिन्यांत ह्युंदाई व्हेन्यू व एम. जी. हेक्टर या मोटारी अशा जोडणीसह बाजारात आल्या, आणि मग ती सोय सर्वत्र पसरली. अशी मोटार आपला ठावठिकाणा, वेग, इंधन व दारे बंद आहेत की उघडी, हे कंपनीच्या संगणकाकडे परस्पर कळविते, आणि आपण घरबसल्या फोनवर ते पाहू शकतो. दुपारच्या उन्हात गोदामाबाहेर उभ्या मोटारीचे वातानुकूलन आतून सुरू करणे ही याची सुखाची बाजू. पहिल्या काही वर्षांनंतर या सेवेस वर्गणी पडते, हे खरेदीच्या वेळीच विचारून ठेवावे.

वाट दाखविणारा

आंबोलीच्या उतारावर एका पावसाळी दुपारी फोनचे जाळे गेले, पडद्यावरील नकाशा कोरा झाला, आणि आम्ही वाट चुकलो असे समजून शेजारी बसलेल्या धाकट्या बंधूंनी मोटार थांबविण्यास सांगितले. पुढे समजले, की त्या वेळी आमची जागा यंत्रास पूर्ण ठाऊक होती. हरवले होते ते केवळ चित्र.

हा भेद समजून घेण्याजोगा आहे. आपली जागा सांगणारी जी. पी. एस. ही योजना इंटरनेटवर अवलंबून नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत आपली वेळ व स्थान आकाशातून सांगत असतात. फोन ते ऐकतो, आणि कोणत्या उपग्रहाचा संदेश येण्यास किती वेळ लागला यावरून आपले अंतर काढतो. असे किमान चार उपग्रह ऐकू आले म्हणजे जागा निश्चित होते. तीन अंतरांसाठी, आणि चौथा फोनच्या घड्याळाची चूक काढण्यासाठी. सर्वसामान्यांस मिळणाऱ्या संदेशात अमेरिकन शासन हेतुपुरस्सर जी अस्पष्टता ठेवीत असे, ती २००० सालच्या मे महिन्यात काढून टाकण्यात आली, आणि तेव्हापासून ही सोय मोटारीच्या खऱ्या उपयोगाची झाली. आपल्या देशानेही २०१३ पासून स्वतःचे उपग्रह सोडून नाविक ही योजना उभारली आहे.

रस्त्यांचे चित्र मात्र इंटरनेटवरून येते. तेव्हा घरी वाय-फायवर असतानाच निपाणीपासून पेडण्यापर्यंतचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवला, की घाटात जाळे असो वा नसो, वाट दिसत राहते. वाहतुकीची ताजी वार्ता तेवढी मिळत नाही. हे काम दोन मिनिटांचे आहे. ते न करता निघणे म्हणजे तराजू घरी विसरून बाजारास जाणे होय.

यंत्रास गावाचे नाव सांगताना गोव्यात विशेष सावध असावे. केरी हे गाव पेडणे तालुक्यात समुद्रकाठी आहे. केरी सत्तरीत चोर्ला घाटाच्या पायथ्याशी आहे. आणि फोंडा तालुक्यातही केरी आहे. नुसते 'केरीस चल' म्हटले, तर यंत्र आपल्या मते सोयीचे केरी निवडील. पेडण्याच्या केरीहून तेरेखोलास जावयाचे तर नदी फेरीबोटीने ओलांडावी लागते. नकाशा पाण्यावरही तशीच रेघ काढतो, परंतु बोटीच्या फेऱ्यांची वेळ आपणच विचारावयाची असते.

विमानतळाचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले व ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने सुटू लागली. मोपा पेडणे तालुक्यातच आहे. जुना दाबोळीचा विमानतळ मात्र तुयेहून निघाल्यास शापोरा, मांडवी व जुवारी अशा तीन नद्यांपलीकडे. आमच्याकडे आलेले एक व्यापारी स्नेही परत जाण्यास निघाले, आणि त्यांच्या चालकाने मोटारीस तोंडी आज्ञा केली, 'गोवा विमानतळ.' मोटार विनयाने दाबोळीच्या वाटेस लागली. तिकीट मोप्याचे होते. चूक ध्यानात आली तेव्हा मांडवीचा पूल ओलांडून झाला होता. विमान गेले आणि दुसऱ्या दिवशीचा सौदाही हुकला. यंत्राने सांगितले तसेच केले होते. सांगणाऱ्याने अर्धे सांगितले होते. हुंडीवर नाव-गाव अपुरे लिहिणाऱ्या मनुष्याने पैसे चुकीच्या पेढीस गेल्याबद्दल कोणास बोल लावावा?

लक्ष हेच भांडवल

आता जी गोष्ट सांगावयाची ती लिहिताना हात अडखळतो. परंतु याच एका गोष्टीसाठी हा लेख लिहिण्यास घेतला, असे म्हटले तरी चालेल.

जुलै महिन्यातील एका सायंकाळी आम्ही स्वतः मोटार हाकीत पेडणे सोडून तुयेकडे वळलो होतो. पाऊस नुकताच थांबला होता. आतील रस्ता अरुंद. दोन्ही बाजूंस चिऱ्यांचे गडगे, त्यांवर शेवाळ. वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आत-बाहेर. इतक्यात पडद्यावर एक निरोप उमटला. तो कोणाचा हे पाहण्याचीही आमची इच्छा नव्हती. नकाशा झाकला गेला म्हणून तो बोटाने दूर सारावा, एवढेच मनात होते. बोट पडद्याकडे गेले, बोटामागे दृष्टी गेली. पुन्हा वर पाहिले, तो गडग्याच्या खिंडीतून एक शाळकरी मुलगी सायकल हातात धरून रस्त्यावर आलेली. ब्रेक लागले, मोटार ओल्या रस्त्यावर थोडी घसरली, आणि तिच्यापासून दोन हातांवर उभी राहिली. मुलीस काही वावगे घडले असे वाटलेही नसावे. ती आमच्याकडे पाहून किंचित हसली व सायकल ढकलीत पलीकडच्या पायवाटेने निघून गेली. आम्ही मात्र बराच वेळ यंत्र बंद करून तेथेच बसून राहिलो.

त्या रात्री आम्ही हिशेब मांडला. ताशी ४० किलोमीटर वेगाने मोटार एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. दोन सेकंद दृष्टी पडद्यावर राहिली, तर २२ मीटर मोटार डोळे मिटून चालली. ताशी ८० च्या वेगास हेच अंतर ४४ मीटर होते. पेढीच्या व्यवहारात आपण एक रुपयाची तूट सोडीत नाही. येथे दर निरोपामागे बावीस मीटरांची तूट येत होती आणि ती कोणत्याच वहीत नव्हती.

हात मोकळे असले म्हणजे मन मोकळे असते, असेही समजू नये. तोंडी आज्ञा देण्याच्या यंत्रांचा अभ्यास अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी तेथील मोटार-सुरक्षा प्रतिष्ठानासाठी केला. २०१५ साली त्यांनी दाखवून दिले, की अशी आज्ञा देऊन झाल्यानंतरही चालकाचे मन काही वेळा २७ सेकंदांपर्यंत पूर्णपणे रस्त्यावर परतलेले नसते. ताशी ४० च्या वेगाने २७ सेकंदांत मोटार ३०० मीटर जाते. एवढ्या अंतरात पेडणे तालुक्यातील एखादा वाडा येऊन मागे पडतो.

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने, चालविताना हातातील फोनचा वापर हे कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालविणे ठरले. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजारापासून पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून अमलात आलेल्या नियमांनी मार्ग पाहण्यापुरता फोन वापरण्यास मुभा दिली, परंतु चालकाचे लक्ष विचलित होता कामा नये ही अट घालूनच. त्याचप्रमाणे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत वेगाची सूचना देणारे यंत्र सक्तीचे आहे. ताशी ८० ओलांडताच ते अधूनमधून वाजते व १२० च्या पुढे अखंड वाजते. काही मंडळी ते बंद करण्याची युक्ती शोधीत फिरतात. पैसे देऊन ठेवलेल्या पहारेकऱ्याने हाक मारली म्हणून त्याचे तोंड बांधावे, तसाच हा प्रकार होय.

परक्याची ठेव

दुसरी चूक जीवावर बेतणारी नव्हती, तरी व्यापाऱ्याच्या जातीस लागणारी होती. म्हापशाचे एक वयोवृद्ध व्यापारी तुयेचे गोदाम पाहण्यास आमच्या मोटारीतून येत होते. भावाची बोलणी निम्म्यावर आली होती. तेवढ्यात माल पुरविणाऱ्या गृहस्थांचा निरोप आला, आणि आमच्या मोटारीने तो स्वच्छ मराठीत, मोठ्याने वाचून दाखविला. त्यात आमचा खरेदीचा भाव होता. इतकेच नव्हे, तर दुसऱ्या एका व्यापाऱ्याची बाकी किती थकली आहे, हेही होते. क्षणभर कोणीच बोलले नाही. मग ते वृद्ध गृहस्थ खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "शेट, मोटार तुमची बरीच बोलकी आहे हो!"

आमचा भाव त्यांस कळला, त्याने आमचे थोडे नुकसान झाले. ते सोसता येते. परंतु ज्याची बाकी थकली होती त्याचा काय अपराध? त्याची अब्रू आमच्याकडे ठेव म्हणून होती. आपल्या फोनमध्ये असलेली नावे, पत्ते, येणी-देणी ही आपली मालमत्ता नाही; ती लोकांनी विश्वासाने ठेवलेली ठेव आहे. ठेव सांभाळण्यावरच व्यापाऱ्याचे नाव उभे असते. त्या दिवसापासून आम्ही निरोप वाचून दाखविण्याची सोय बंद केली, नावांची यादी मोटारीतून पुसली, आणि कोणी सोबत असता फोन आला तर 'मोटारीत आहे, मंडळी सोबत आहेत' हे पहिले वाक्य बोलण्याचा परिपाठ ठेवला.

मोटार विकताना ही ठेव विशेष संकटात येते. पूर्वी मोटार विकावयाची म्हणजे खणातील कागद, देवाची तसबीर व जादा चाक काढून घेतले की झाले. आता जोडलेले सर्व फोन मोटारीच्या स्मरणातून काढावे लागतात. नकाशात साठविलेला घराचा व दुकानाचा पत्ता पुसावा लागतो. सर्व नोंदी पुसून पडदा मूळ स्थितीस नेण्याची आज्ञा द्यावी लागते. काचेवरील फास्टॅग आपल्या खात्यातून बंद करावा लागतो. समोरच्या छायाचित्रकात स्मृतिपट्टी असल्यास तीही काढून घ्यावी लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कंपनीच्या खात्यातून ती मोटार आपल्या नावावरून उतरवावी लागते. जुनी मोटार घेणाऱ्याने तर याची दुप्पट काळजी घ्यावी. आय. बी. एम. कंपनीतील एका सुरक्षातज्ज्ञाने २०१७ साली जाहीरपणे सांगितले, की आपली जुनी मोटार विकून कित्येक वर्षे झाली तरी आपल्या फोनवरून तिचा ठावठिकाणा पाहता येतो व तिची दारेही उघडता येतात. दुकान विकून टाकावे आणि जुन्या मालकाच्या कमरेस किल्ली तशीच राहावी, यातला हा प्रकार.

परक्याने बाहेरून शिरण्याचे भयही अगदी काल्पनिक नाही. मोटारीतील ब्रेक, यंत्र, दारे यांचे छोटे संगणक एका सामाईक तारेवरून परस्परांशी बोलतात. बॉश कंपनीने १९८६ साली पुढे आणलेली कॅन ही पद्धत आजही त्यासाठी चालते. २०१५ साली अमेरिकेत दोन संशोधकांनी जीप चेरोकी या मोटारीच्या पडद्यातील इंटरनेटच्या वाटेने आत शिरून, दूर बसून चालत्या रस्त्यावर तिची गती तोडून दाखविली. त्यानंतर सुमारे चौदा लाख मोटारी सुधारणेसाठी परत बोलाविल्या गेल्या. यावरून एवढेच शिकावे, की कंपनीकडून सुधारित आज्ञावली घेण्याची सूचना आली असता ती 'नंतर' म्हणून टाळू नये, आणि मोटारीच्या खात्याचा सांकेतिक शब्द दुकानाच्या पाटीवरील नावासारखा ठेवू नये.

भागीदारीच्या कराराचे प्रत्येक कलम दोनदा वाचणारे आपण, पडद्यावर आलेल्या लांबलचक अटींखाली न वाचताच 'मान्य' दाबतो. २०२३ साली आपल्या देशात वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला, व त्याने संमतीस महत्त्व दिले. परंतु संमतीच आपण डोळे झाकून देऊ लागलो, तर कायदा कोणाचे रक्षण करणार?

घरातील माणसे

या मुनिमाची एक सवय घरात कलह लावणारी आहे. मोटार कोठे आहे, किती वेगाने गेली, कोणत्या सीमेबाहेर पडली, हे सर्व फोनवर दिसते. सुरुवातीस आम्हांस ते फार कौतुकाचे वाटले. एके दिवशी सूनबाई माहेरी जाऊन आल्या, तेव्हा वाटेत गडहिंग्लजला अर्धा तास का थांबलात, असे आम्ही सहज विचारले. त्यांनी शांतपणे विचारले, "मामंजी, मोटार कोठे आहे हे आपण पाहता, की मी कोठे आहे हे पाहता?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

घाटात पावसापाण्यात कोणी अडकले तर शोध लागावा, मोटार चोरीस गेली तर माग लागावा, यासाठी ही सोय उत्तम आहे. काही मोटारी अपघात होताच आपण होऊन मदतीस फोन करतात. युरोपात ३१ मार्च २०१८ पासून नव्या प्रकारच्या मोटारींत अशी योजना सक्तीची झाली. परंतु तीही फोनच्या जाळ्यावरच चालते. म्हणून घाटात शिरण्यापूर्वी घरी एक फोन करण्याची जुनी चाल मोडू नये, आणि ११२ हा साहाय्याचा क्रमांक लहान मुलांसही पाठ असावा. चालकावर किंवा मुलावर नजर ठेवावयाचीच असेल तर ती त्यास सांगून ठेवावी. सांगून ठेवलेल्या नजरेस देखरेख म्हणतात. न सांगता ठेवलेल्या नजरेचे नाव सर्वांस ठाऊक आहे.

मोटारीस रस्त्याची रेघ पाळावयास लावणारी व समोर अडथळा दिसताच ब्रेक लावणारी यंत्रेही आता आली आहेत. महामार्गावर ती उपयोगी पडतात. गावातील रस्त्यांवर मात्र पाळावयास रेघच नसते, आणि पावसाळ्यात येथील तांबडा चिखल छायाचित्रकाच्या भिंगावर व संवेदकांवर बसला, की हे डोळे अधू होतात. निघण्यापूर्वी ओल्या फडक्याने ते पुसावेत. एवढी सेवा केल्यावाचून त्यांजवर विसंबू नये.

एका सायंकाळचा अभ्यास

शेवटी आमच्या घरी ठरलेला नियम येथे देतो. रविवारी सायंकाळी, मोटार अंगणात उभी असता, घरातील सर्व चालविणाऱ्यांनी एकत्र बसून तो पडताळून पाहावा, अशी विनंती आहे.

१. यंत्र सुरू होण्यापूर्वी फोन जोडावा, ठिकाण तालुक्यासह सांगावे, मार्ग एकदा संपूर्ण पाहावा. चाके फिरू लागल्यावर चालकाने पडद्यास हात लावू नये. शेजारी बसणाऱ्याने ते काम करावे. शेजारी कोणी नसेल तर मोटार बाजूस थांबवावी.

२. घाटाचा व गोव्याचा नकाशा फोनमध्ये आधी उतरवून ठेवावा. दर महिन्यास तो ताजा करावा.

३. निरोप पडद्यावर उमटणे व मोठ्याने वाचले जाणे, दोन्ही बंद ठेवावे. ज्यास खरेच घाई आहे तो फोन करील.

४. नावांची यादी मोटारीत उतरली आहे काय, हे आजच पाहावे. भाड्याच्या किंवा दुसऱ्याच्या मोटारीस फोन जोडला असेल तर उतरताना तो तिच्या स्मरणातून काढावा.

५. मोटारीचे खाते कोणाच्या नावावर आहे, आणि घरातील कोणाकोणास ती दिसते, हे सर्वांदेखत एकदा वाचून दाखवावे.

यापुढे एक प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा: गेल्या प्रवासात मोटार चालत असता आपली दृष्टी पडद्यावर किती वेळा गेली, व त्यातील किती वेळा जाणे आवश्यक होते? आम्ही हा प्रश्न स्वतःस विचारला तेव्हा दुसऱ्या भागाचे उत्तर शून्य आले.

आजही तुयेच्या त्या वळणावर आलो म्हणजे आमचा पाय आपोआप ब्रेककडे जातो. गडग्याची ती खिंड बहुधा रिकामीच असते. पडद्यावरील नकाशा आम्हांस वाट सांगत असतो, आणि ती बरोबरही असते. परंतु खिंडीतून कोण येत आहे, हे त्याच्या वहीत लिहिलेले नसते. ते पाहण्याचे काम मालकाचे आहे.